चाकांवरचं घर आणि दुसऱ्याचं गाव

आम्ही पाच जण मे महिन्यात ग्लासगोहून मोटरहोम घेऊन निघालो आणि स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालून आठव्या दिवशी परत आलो. फोटो घरच्या ग्रुपवर पोचले तसे पुण्याहून अभिप्राय सुरू झाले. "काय मोकळं आहे रे!" "एक माणूस दिसेल तर शपथ!" आणि मावसभावाचा ठेवणीतला प्रश्न : "हे आपल्या कोकणात कधी होणार?"

पहिल्या दोघांना अंगठा दाखवला. (हल्ली अंगठा दाखवणं हे कौतुक समजतात, काळाचा महिमा!) मावसभावाला मात्र सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं. कारण महाराष्ट्र सरकारने २०२१ सालीच कॅराव्हान पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आहे. म्हणजे प्रश्न 'कधी'चा उरला नाही, 'कसं'चा आहे. आणि त्या 'कसं'बद्दल माझी काही मतं झाली आहेत. ती सगळ्यांना पटतील असं नाही. गाडीतल्या उरलेल्या चौघांनाही सगळी पटलेली नाहीत.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. इथे कॅराव्हान म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायची खोली. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर ती मोटरहोम, आणि तिचं धाकटं भावंड म्हणजे कॅम्परव्हॅन. ऑस्ट्रेलियात असलेले मित्र त्यांच्या लाल मातीच्या वाळवंटातले किस्से सांगतात, तिथे दिवसभर सरळ रेषेत गाडी हाकायची आणि पुढचा पंप कुठे आहे एवढीच चिंता करायची. स्कॉटलंडचं गणित वेगळं. अंतरं छोटी, रस्ते अरुंद, आणि कितीही ओसाड वाटलं तरी टेकडीआड कुणाचं तरी धुराडं असतंच.

आमचा मार्ग होता नॉर्थ कोस्ट ५००. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं आणि तिथेच परत यायचं. ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. गंमत अशी की हा रस्ता या नावाने कुणी बांधलेलाच नाही. होते तेच जुने रस्ते २०१५ साली एका नावात ओवले, नकाशावर एक वेटोळं काढलं आणि जाहिरात केली. नवा रस्ता न बांधता केवळ बारशाने गर्दी कशी आणावी याचा हा नमुना आहे. ग्लासगोहून ए८२ ने लॉख लोमंड, रॅनॉक मूर, ग्लेन्को, फोर्ट विल्यम करत इन्व्हर्नेसला पोचायलाच आमचा एक दिवस गेला, तो वेगळा.

मंडळी कोण? कोल्हापूरकर (एकटा जीव सदाशिव), नागपूरकर आणि त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, मी आणि माझी बायको. सगळे ग्लासगोतले, पैकी तिघं इंजिनिअर. त्यामुळे निघण्याआधी वजनांचा तक्ता होणं अटळ होतं. इथल्या साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची डिझेल गाडी चालवता येते. आमच्या गाडीचं रिकामं वजन २,९५० किलो. उरले ५५०. पाच माणसांचे ३७०. (वहिनींनी स्वतःचा आकडा सांगायला नकार दिला, तो अंदाजाने धरला.) उरले १८०. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे १०० किलो. उरलेल्या ८० किलोंत पाच जणांचे कपडे, अंथरुणं, खुर्च्या, कुकर आणि कोल्हापूरकराने पोलोकशील्ड्सच्या देशी दुकानातून आणलेला दहा किलो तांदूळ! टाकी अर्धीच भरायची आणि तांदूळ निम्मा घरी ठेवायचा, असा तह झाला. मसाल्याच्या डब्यावर मात्र तो अडून बसला.

हा हिशेब करमणूक म्हणून सांगत नाही. चाकांवरचं घर म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, अशी एक समजूत आहे. हॉटेल नको, वेळापत्रक नको, हवं तिथे थांबावं. प्रत्यक्षात ते दर दोन दिवसांनी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहतं. पाणी द्या, वीज द्या आणि आमची घाण घ्या! आता या घाणीविषयी थोडं बोलायला हवं. जेवत असाल तर पुढचा परिच्छेद नंतर वाचा.

मोटरहोमच्या संडासाखाली एक सपाट डबा असतो, त्याला कॅसेट म्हणतात. आमच्या पिढीला कॅसेट म्हटलं की गाणी आठवतात. ही वेगळी. साधारण सतरा-अठरा लिटरची. पाच माणसांत ती दीड दिवसात भरते. त्यात एक निळं रसायन घालतात, त्यामुळे वास येत नाही. मग ती बाहेर ओढायची, सुटकेससारखी चाकांवर ढकलत न्यायची आणि ठरलेल्या जागीच ओतायची. छोट्या गावांतून सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. त्यात हे रसायन पडलं तर मैला कुजवणारे जिवाणूच मरतात, म्हणून कुठल्याही सार्वजनिक संडासात ओतून चालत नाही. कॅम्पसाइटवर त्यासाठी वेगळी जागा असते. पण कॅम्पसाइटला रात्रीचे पैसे पडतात. मग काही महाभाग पहाटे उठून ओढ्यात किंवा समुद्रकाठच्या खडकांत कॅसेट रिकामी करतात आणि 'निसर्गाच्या सान्निध्यात' पुढे निघतात. एका गावच्या दुकानात गल्ल्यावरच्या आजीबाईंनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो, कुठून आलात, हा नव्हता. रात्री कुठे थांबलात, हा होता. कॅम्पसाइटचं नाव सांगितल्यावर बाईंचा चेहरा सैल झाला आणि मग त्या भारतावर आल्या.

पुष्कळांना वाटतं की स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करायचा हक्कच आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने इथे कुणाच्याही माळावरून चालायचा, तंबू ठोकून रात्र काढायचा हक्क दिला हे खरं. जगात फार थोड्या ठिकाणी इतका उदार कायदा असेल. पण तो पायी, सायकलवर, घोड्यावर किंवा होडीतून येणाऱ्यांसाठी आहे. इंजिनावर चालणाऱ्या वाहनाला तो लागू नाही. मोटरहोमवाले तंबूवाल्यांच्या हक्कावर झोपतात, एवढाच त्याचा अर्थ.

गावांना यातून काय मिळतं? इथे मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या रस्त्यामुळे कॅफे निघाले, खानावळी तगल्या, पोरांना उन्हाळी काम मिळालं. पण मोटरहोम हे असं वाहन आहे की शहरातल्या सुपरमार्केटमध्ये ते एकदा भरलं की आठवडाभर गावात दमडी खर्च न करता हिंडू शकतं. शिवाय २०२४ साली स्कॉटलंडमध्ये पर्यटक कराचा कायदा झाला तो पैसे देऊन घेतलेल्या मुक्कामावर. रस्त्याकडेला फुकट झोपणारा त्यातून आपोआप सुटतो. त्याच वर्षी हायलंड कौन्सिलने एक योजना काढली. ४० पौंड भरा आणि सात दिवस ठरावीक वाहनतळांवर रात्री थांबा. योजना ऐच्छिक! ऐच्छिक वर्गणी म्हणजे काय ते गणेशोत्सवात पावती पुस्तक घेऊन फिरलेल्या कुणालाही विचारा. आम्ही आमच्यापुरता नियम केला होता. मुक्काम कॅम्पसाइटवरच, आणि डिझेल, दूध, पाव, भाजी आणि रोजचं एक जेवण वाटेतल्या गावातूनच. कोल्हापूरकराच्या मते हा जुलूम होता, कारण त्याचा मसाला उरला.

रस्त्यांचं तर विचारूच नका. उत्तरेचे आणि पश्चिमेचे कितीतरी रस्ते एकपदरी, म्हणजे एकाच गाडीपुरते. ठिकठिकाणी कडेला फुगवटा ठेवलेला असतो, ती पासिंग प्लेस. समोरून कुणी आलं की डावीकडच्या फुगवट्यात शिरायचं. फुगवटा उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर आपण थांबून राहायचं. मागून गावकरी येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं. आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून सलाम करायचा. वाडीच्या रस्त्यावर समोर लाल एस.टी. आल्यावर ज्याने जीप रिव्हर्समध्ये नेली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते कालच विमानातून उतरून पहिल्यांदाच सात मीटरची गाडी हातात घेतलेल्याला. तो पासिंग प्लेसमध्ये खुर्च्या मांडून चहा पितो. त्याच्या मागे अडकलेल्या मोटारीत गावची परिचारिका असू शकते. इथली खेड्यांतली बरीच अग्निशमन केंद्रंही आपापला धंदा सांभाळणाऱ्या गावकऱ्यांवर चालतात. पेजर वाजला की शेतातून धावत सुटायचं. पूर्व किनाऱ्यावरच्या विक गावातून इन्व्हर्नेस शंभर मैल, आणि त्या भागातल्या बहुतेक बायकांना गेली काही वर्षं बाळंतपणासाठी तिथे जावं लागतं. कळा सुरू झालेल्या बाईपुढे आपली गाडी ताशी तीस मैलांनी देखावा बघत चालली असेल तर तो देखावा कितीला पडला?

इंजिनिअर आहे म्हणून एक आकडा सांगतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून ठोकताळा निघाला तो असा की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. साध्या मोटारीच्या अ‍ॅक्सलवर पाऊण टन धरा, मोटरहोमच्या मागच्या अ‍ॅक्सलवर दोन टन. वजन पावणेतीन पटही नाही, पण झीज जवळपास पन्नास पट! लाकडाचे ट्रक याहूनही कितीतरी अधिक नासधूस करतात, हे मान्य. पण त्या ट्रकातून निदान गावातल्या कुणाचा तरी पगार निघतो.

असो. रस्ता दुरुस्त करता येतो. फोटोंवरच्या "काय मोकळं आहे रे!" या अभिप्रायाने मला जास्त छळलं.

इन्व्हर्नेसहून उत्तरेला निघालं की गोल्स्पी गावाच्या डोक्यावर, टेकडीच्या माथ्यावर, चौथऱ्यासकट सुमारे शंभर फूट उंचीचा एक पुतळा मैलोनमैल दिसत राहतो. तो पहिल्या ड्यूक ऑफ सदरलंडचा. याची आणि याच्या बायकोची जहागीर म्हणजे जवळपास सगळा सदरलंड परगणा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या कारभाऱ्यांनी हिशेब केला की दऱ्याखोऱ्यांतली ही गेलिक बोलणारी कुळं जेवढा खंड देतात त्याहून मेंढ्या जास्त देतील. मग कुळं उठवली. स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ साली पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्याने घरांची छपरं जाळून लोकांना बाहेर काढलं. त्याच्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पुढे त्याच खोऱ्यात त्याच्या स्वतःच्या मेंढ्या चरल्या. लोकांना समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन बसवलं, आता मासे धरा म्हणून. त्यातल्या एका गावाचं नाव बेटीहिल, जहागीरदारीण बाईंच्या, म्हणजे एलिझाबेथच्या नावावरून! आणखी दक्षिणेला बॅडबे म्हणून एक उजाड वस्ती आहे, कड्याच्या अगदी काठावर. तिथे वाऱ्याने पोरं आणि गुरं समुद्रात जाऊ नयेत म्हणून त्यांना बांधून ठेवत. आम्ही गेलो तेव्हा ऊन होतं, तरी नागपूरकराने वहिनींचा हात सोडला नाही.

रोझल नावाचं जुनं गाव स्ट्रॅथनेव्हरमध्ये आहे. आहे म्हणजे, जोत्यांचे दगड आहेत. गवतात बुडालेले. गुडघाभर उंचीच्या भिंतीतून तुम्ही एका घरातून दुसऱ्यात जाता आणि हे स्वयंपाकघर असेल, इथे गुरं असतील, असा अंदाज बांधता. बाहेर सगळीकडे तेच ते, ज्याला आपण निसर्ग म्हणतो. उघडे डोंगर, वारा, एक ओढा. माझ्या फोनमध्ये त्या जागेचे पंधरा फोटो आहेत आणि प्रत्येक फोटो सुंदर आहे. 'एक माणूस दिसेल तर शपथ' हे अगदी बरोबर आहे. माणूस दिसू नये अशीच व्यवस्था झाली होती.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सदरलंडचं क्षेत्रफळ सुमारे सव्वापाच हजार चौरस किलोमीटर, तेवढंच साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती. सदरलंडमध्ये राहतात तेरा हजारांच्या आसपास.

ती माणसं गेली कुठे? कॅनडाला गेली, १८५२ नंतर एका स्थलांतर संस्थेच्या जहाजांतून सुमारे पाच हजार हायलंडर ऑस्ट्रेलियालाही गेले (मेंढ्यांनी इथून हाकललेली माणसं तिकडे मेंढ्याच राखायला लागली, आणि त्यांच्या मेंढ्यांसाठी तिथल्या मूळ रहिवाशांना हाकललं गेलं). आणि पुष्कळ ग्लासगोला आली. सेंट्रल स्टेशनचा पूल अर्गाइल स्ट्रीटवरून जातो, त्याच्या खालच्या जागेला आजही 'हायलंडरची छत्री' म्हणतात. पावसात गाववाले तिथे जमून आपल्या बोलीत बोलत, गावची खबर घेत. परळ-लालबागच्या चाळींतल्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला कष्ट नाहीत. फरक एवढाच की चाकरमान्याला गणपतीत परत जायला घर होतं, कुलूपबंद का होईना. स्ट्रॅथनेव्हरवाल्याचं छपरच जाळलेलं होतं.

आपल्याकडेही कुलूप लागायलासुद्धा घर उरलं नाही अशी खोरी आहेतच. मुळशीच्या तलावाकाठी पावसाळ्यात शनिवार-रविवारी मोटारींची जी रांग लागते, कणसं आणि भज्यांचा जो वास सुटतो, त्या पाण्याखाली मावळातली गावं आहेत. मुंबईला वीज हवी म्हणून १९२१ साली धरणाचं काम सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी तिथेच मिळाली. हेच बापट १९०४ साली इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला आले होते, इथून तासाभरावर. रोझलच्या दगडांत मला ते आठवले ते या मुळशीमुळे, आणि दुसऱ्या एका कारणाने. पारनेरला असताना बापट पहाटे उठून हातात झाडू घेऊन गावची सफाई करीत. कॅसेटचा प्रश्न त्यांना विचारावासा वाटला.

कारण कोकणात मोटरहोम येतील तेव्हा कॅसेट कोण रिकामी करणार? इथे मी करतो, माझा नागपूरकर मित्र करतो, आमच्यापुढे रांगेत उभा असलेला पांढऱ्या मिशांचा निवृत्त साहेब शीळ घालत करतो. आपल्याकडे मला भीती वाटते की पहिल्याच दिवशी 'माणूस' ठेवला जाईल, तो माणूस कुठल्या वस्तीतून येईल हेही सगळ्यांना ठाऊक असेल आणि कुणाला त्यात काही वावगं वाटणार नाही. हाताने मैला उचलायला लावण्याच्या विरोधात २०१३ चा कायदा आहे, पण 'आमच्याकडे हे डब्यात असतं आणि निळं असतं' अशी पळवाट काढायला आपण कमी करणार नाही. म्हणून माझं मत असं की भाड्याच्या करारातच लिहावं, ज्याने भरली त्याने ओतावी. ज्याला हे जमणार नाही त्याने लॉजवर उतरावं. लॉज काही वाईट नसतात.

दुसरं, थांबायची जागा आणि तिचा दर ग्रामसभेने ठरवावा, पर्यटन खात्याने नव्हे. आणि ती वर्गणी ऐच्छिक नको. इथेच याचं उदाहरण आहे. लॉखइन्व्हरजवळच्या असिंटच्या क्रॉफ्टर लोकांनी, म्हणजे छोट्या तुकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कुळं म्हणून राहिलेल्या शेतकऱ्यांनी, सुमारे तीन लाख पौंड उभे करून १९९३ साली आपल्या पायाखालची जमीन विकत घेतली. तेव्हापासून त्या भागात कुणाला काय करू द्यायचं हे तिथले लोक ठरवतात. आम्ही त्या बाजूने गेलो तेव्हा पाऊस इतका होता की दिसलं काहीच नाही. पण गाडी चालवताना मला बरं वाटत होतं.

तिसरं, रेवस ते रेडी सागरी मार्गाला आकर्षक नाव देऊन नकाशावर वेटोळं काढायच्या आधी वाडीवाडीच्या रस्त्याला फुगवटे काढा. एस.टी.ला वाट मिळाली पाहिजे. हे काम कुठल्याही तालुक्यातला ज्युनिअर इंजिनिअर करू शकेल, परदेशी सल्लागार नको.

कोल्हापूरकराला यातलं पहिलं आणि तिसरं मान्य आहे. ग्रामसभेवर त्याचा विश्वास नाही. त्याच्या मते दोन वर्षांत ती जागा सरपंचाच्या मेहुण्याच्या नावावर होईल. वहिनी म्हणाल्या, होऊ दे, निदान मेहुणा गावातला असेल. यावर अ‍ॅपलक्रॉसच्या अलीकडे, जिथे मोठ्या गाड्यांनी या घाटात शिरू नये अशी पाटी आहे आणि आम्ही मुकाट्याने किनाऱ्याचा लांबचा रस्ता धरला, तिथपासून वाद सुरू आहे. ग्लासगो आलं तरी मिटला नव्हता.